‘स्पार्टाकस’मधलं रक्त आणि बॅटिएटसची वही

‘स्पार्टाकस’च्या पहिल्याच भागात बेड्यांतून काढलेला एक थ्रेशियन, म्हणजे बाल्कनमधल्या थ्रेसचा, कैदी कापुआच्या आखाड्यात उतरतो आणि चार ग्लॅडिएटरांना एकटा गारद करतो. रक्ताची कारंजी उडतात, पडदा लाल होतो, तलवार मांसात शिरतानाचा क्षण ताणून ताणून दाखवला जातो. ते रक्त संगणकावर काढलेलं आहे हे लपवायचा प्रयत्नही कुणी केलेला नाही. अमेरिकेतल्या स्टार्झ वाहिनीवर ही मालिका जानेवारी २०१० मध्ये सुरू झाली. स्टीव्हन डीनाइट हा तिचा कर्ता. चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये, बरंचसं हिरव्या पडद्यापुढे. पहिल्या सीझनचा नायक अँडी व्हिटफील्ड याला लिम्फोमा झाल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या उपचारांना वेळ मिळावा म्हणून मध्ये सहा भागांची पूर्वकथा काढली गेली. तो त्यातून उठला नाही. सप्टेंबर २०११ मध्ये गेला. पुढचे दोन सीझन लियम मॅकिन्टायरने केले आणि २०१३ मध्ये, पूर्वकथा धरून ३९ भागांवर, स्पार्टाकसची गोष्ट संपली.

ही मालिका घरच्यांसोबत बसून बघायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पण एकट्याने बघणाऱ्यालाही एक प्रश्न पडतोच: असं खरंच व्हायचं का? दर लढतीत मुंडकं उडायचं का, राजापासून रंकापर्यंत सगळे ते बघून टाळ्या पिटायचे का, आणि हा स्पार्टाकस नावाचा माणूस होता तरी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. होता. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात त्याने रोमच्या फौजांना इटलीभर पळवलं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जरा तिरकी आहेत. माझं म्हणणं असं, की मालिकेने आखाड्यातलं रक्त वाढवून दाखवलं आणि आखाड्याबाहेरचं क्रौर्य, नकळत का होईना, कमी दाखवलं. तरीही एका बाबतीत ती कमालीची खरी आहे, आणि ती बाब तलवारीची नसून पैशाची आहे.

आधी काळ-वेळ

ग्लॅडिएटर म्हटलं की डोळ्यांपुढे कलोसियम येतं. ते स्पार्टाकसने पाहिलेलं नाही. कलोसियमचं उद्घाटन इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने केलं. स्पार्टाकसला मरून तेव्हा दीडशे वर्षं झाली होती. त्याच्या काळात रोममध्ये सम्राटच नव्हता, प्रजासत्ताक होतं. दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडून यायचे, सिनेट होती, आणि रोम शहरात दगडी अँफिथिएटर, म्हणजे भोवती चढत्या बैठका असलेला आखाडा, नव्हतं. लढती व्हायच्या त्या भर चौकात, फोरममध्ये, लाकडी बाकं ठोकून. खेळ संपला की बाकं उचलायची.

दगडी आखाडे दक्षिणेकडे, कंपानिया प्रांतात होते. पाँपेईचं अँफिथिएटर इ.स.पू. ७० च्या आसपासचं आहे. आज उभ्या असलेल्यांत ते सर्वांत जुनं. कापुआ याच कंपानियातलं श्रीमंत शहर, आणि ग्लॅडिएटर तयार करण्याच्या धंद्याचं केंद्र. त्यामुळे मालिकेने कथा रोमऐवजी कापुआत बसवली हे अगदी बरोबर आहे. उगाच संगमरवरी रोम उभं करण्याचा मोह तिने टाळला.

या खेळाचा उगम करमणुकीत नाही, उत्तरकार्यात आहे. रोममधली पहिली नोंद इ.स.पू. २६४ ची. जुनियस ब्रुटस पेरा नावाचा सरदार वारला तेव्हा त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. मृताच्या आत्म्याला रक्त अर्पण करायचं, हे त्या मुलांवरचं ऋण मानलं जाई. पुढच्या दोनशे वर्षांत ऋण मागे पडलं आणि थाट पुढे आला. कुणाचा बाप किती दिवसांपूर्वी वारला यापेक्षा निवडणूक किती दिवसांवर आली हे महत्त्वाचं ठरू लागलं. इ.स.पू. ६५ मध्ये ज्युलियस सीझरने आपल्या वडिलांच्या नावाने खेळ भरवले. वडील जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती! त्याने इतके ग्लॅडिएटर जमवायला घेतले की सिनेट घाबरली आणि तिने संख्येवर मर्यादा घातली. तरी ३२० जोड्या उतरल्याच.

सिनेटच्या भीतीचं कारण उघड होतं. स्पार्टाकसचं बंड चिरडून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

वीस दिनार आणि हजार दिनार

आता मालिकेतल्या मला सर्वांत आवडलेल्या माणसाकडे येऊ. तो नायक नाही. तो आहे लेंट्युलस बॅटिएटस, ग्लॅडिएटरांच्या तालमीचा मालक. जॉन हॅनाने तो असा रंगवलाय की त्याचा राग यावा आणि कीवही यावी. दुष्काळ पडलाय, पाणी महाग झालंय, सावकार दारात, प्रतिस्पर्धी सोलोनियस टपलेला, बायको ल्युक्रेशियाला उच्चभ्रू मैत्रिणी हव्यात, आणि याला राजकारणात शिरायचंय. असा मालक खरोखर होता. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने स्पार्टाकसच्या मालकाचं नाव हेच दिलंय. त्याच्याबद्दल फार माहिती नाही. माणसं अन्यायाने कोंडून ठेवायचा, एवढं प्लुटार्क सांगतो.

ग्लॅडिएटर तयार करून भाड्याने देणाऱ्याला लॅनिस्टा म्हणत. खेळ भरवायचा असला की यजमान, म्हणजे कुणी श्रीमंत किंवा निवडणुकीला उभा राहू पाहणारा, लॅनिस्टाकडे येई आणि सौदा करी. हा सौदा कसा व्हायचा याची एक बहारदार नोंद गायस नावाच्या कायदेपंडिताने दुसऱ्या शतकात करून ठेवलीय. कायदा शिकवताना त्याने उदाहरण घेतलं ते असं: मी तुला ग्लॅडिएटर दिले, जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे २० दिनार, जो मरेल किंवा कायमचा जायबंदी होईल त्याचे १००० दिनार. मग हे भाडं समजायचं की विक्री? गायसचं उत्तर: परत आला तर भाडं, मेला तर विक्री.

ही दोन वाक्यं नीट वाचली की मालिकेतला निम्मा रक्तपात कोलमडतो. यजमानाच्या दृष्टीने एक मृत्यू म्हणजे खर्च एकदम पन्नासपट. लॅनिस्टाने त्या माणसाला वर्षानुवर्षं खाऊ घातलेलं, शिकवलेलं, वैद्याकडून शिवून घेतलेलं. शर्यतीच्या खोंडावर लाखो रुपये लावलेला शेतकरी त्याला पहिल्याच फेरीत मरायला सोडत नाही, तसंच हे. बॅटिएटसच्या तालमीत ज्या वेगाने माणसं मरतात, त्या वेगाने खरा बॅटिएटस एका हंगामात भिकेला लागला असता.

फ्रेंच इतिहासकार झोर्झ व्हील यांनी पहिल्या शतकातल्या ज्या शंभर लढतींचा निकाल कळतो त्यांचा हिशोब मांडला. दोनशे लढवय्यांपैकी १९ जण मेले. म्हणजे एका लढतीत उतरणाऱ्याला मरणाची शक्यता साधारण दहात एक, आणि हरणाऱ्याला पाचात एक. हे कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. पण ‘दोन आत, एक बाहेर’ असा तो खेळ नव्हता. पाँपेईच्या भिंतींवर लोकांनी खरडलेले निकाल सापडतात; नावापुढे एक अक्षर, जिंकला, सोडला किंवा मेला. ‘सोडला’वाले बरेच आहेत. फ्लामा नावाच्या एका सीरियन ग्लॅडिएटरच्या थडग्यावर लिहिलंय की तो ३४ वेळा लढला, २१ वेळा जिंकला, ९ वेळा बरोबरी झाली आणि ४ वेळा हरूनही त्याला जीवदान मिळालं. वय ३०.

लढतीला पंचही असत. मोझेक चित्रांत हातात लांब काठी घेतलेले पांढऱ्या अंगरख्यातले पंच स्पष्ट दिसतात. नियम मोडला, चिलखताचा पट्टा तुटला की ते लढत थांबवत. मालिकेत पंच जवळजवळ अदृश्य आहेत, कारण पंच आला की थरार ओसरतो.

इथे मालिकेची बाजूही घ्यायला हवी. वरचे बहुतेक पुरावे स्पार्टाकसनंतरच्या, सम्राटांच्या काळातले आहेत. जीवदान नसलेल्या लढतींवर बंदी घातली ती ऑगस्टसने. बंदी घालावी लागली याचा अर्थ त्याआधी तसल्या लढती होत होत्या. तेव्हा इ.स.पू. ७० च्या दशकातला आखाडा फ्लामाच्या आखाड्यापेक्षा जास्त जीवघेणा असेल, हे मला पटतं. मालिकेइतका जीवघेणा मात्र नाही. मालकाची हिशोबाची वही आड येते.

आणि बॅटिएटसच्या राजकीय महत्त्वाकांक्षेचं काय? ती मालिकेतली सर्वांत करुण गोष्ट आहे, कारण तिला भवितव्यच नव्हतं. हेराक्लियात सापडलेल्या एका कांस्य पत्र्यावर नगरपालिकांचा रोमन कायदा कोरलेला आहे. नगरसभेत कोण बसू शकत नाही याची यादी त्यात आहे. नट, वेश्यागृहाचे मालक, आणि लॅनिस्टा. शहराला त्याचा माल हवा होता, त्याच्या शेजारी बसायचं नव्हतं. बॅटिएटस वरच्या वर्गाची दारं ठोठावतो आणि प्रत्येक दार त्याच्या तोंडावर आपटतं, तेव्हा पटकथा इतिहासाच्या अगदी जवळ असते.

शरीरं, शिरस्त्राणं, शपथ

मालिकेतले ग्लॅडिएटर जिममधून थेट आखाड्यात आल्यासारखे दिसतात. खरे ग्लॅडिएटर बहुधा गुटगुटीत असावेत. तुर्कस्तानातल्या इफेससला १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली आणि व्हिएन्नाच्या संशोधकांनी तिथली हाडं तपासली. आहार मुख्यतः धान्य आणि शेंगांचा निघाला. जुन्या लेखकांनी त्यांना जवखाऊ म्हटलंय ते उगाच नव्हे. पोटावर चरबीचा थर असला की वरवरच्या जखमेतून रक्त येतं, प्रेक्षक खूश होतात, पण आतली नस वाचते, असा या संशोधकांचा तर्क आहे. हाडांमध्ये भरून आलेल्या जखमा पुष्कळ आहेत, म्हणजे वैद्यकीय निगा चांगली होती. पुढे जगप्रसिद्ध झालेला वैद्य गॅलेन याची सुरुवात पेर्गामनच्या ग्लॅडिएटरांना टाके घालण्यानेच झाली, इ.स. १५७ मध्ये.

उघडी छाती खरी आहे. उघडं डोकं खोटं. जाळं आणि त्रिशूळ घेऊन लढणारा सोडला तर बहुतेक जण चेहरा पूर्ण झाकणारं जड शिरस्त्राण घालत. मालिकेला नटांचे चेहरे दाखवायचे असतात, तेव्हा हे समजण्यासारखं आहे. बरं, तो जाळंवाला गडीसुद्धा स्पार्टाकसच्या काळात नव्हता. तो साधारण शंभर वर्षांनी दिसू लागतो. त्या काळातले मुख्य प्रकार सॅम्नाइट, गॉल आणि थ्रेशियन. तिन्ही नावं रोमच्या शत्रूंची. हरवलेल्या शत्रूला त्याच्याच वेशात पुन्हा पुन्हा लढताना बघण्याची ती सोय होती.

अंगठ्याचं थोडक्यात. खाली वळवलेला अंगठा म्हणजे मरण, ही कल्पना फ्रेंच चित्रकार जेरोमच्या १८७२ मधल्या चित्राने जगभर रुजवली. लॅटिन ग्रंथांत ‘वळवलेला अंगठा’ एवढंच आहे; कुठे वळवलेला ते नाही. ‘आम्ही मरणारे तुला वंदन करतो’ ही आरोळीही इ.स. ५२ मध्ये, एका तलावातल्या लुटुपुटीच्या नौकायुद्धाआधी, मृत्युदंड झालेल्या कैद्यांनी सम्राट क्लॉडियसला दिल्याची नोंद आहे. ग्लॅडिएटरांनी ती दिल्याची एकही नोंद नाही.

व्हॅरो मात्र खरा आहे. नावाने नव्हे, जातकुळीने. मालिकेत हा स्पार्टाकसचा जिवलग मित्र. जुगाराच्या कर्जापायी स्वतःला विकलेला स्वतंत्र रोमन नागरिक. असे लोक खरोखर होते. ते ठराविक मुदतीसाठी मालकाशी करार करायचे आणि शपथ घ्यायचे, की मला जाळलं, बांधलं, फटकावलं, लोखंडाने मारलं तरी मी सहन करीन. नागरिकाच्या अंगाला कायद्याचं जे कवच असायचं ते त्याने आपल्या हाताने उतरवून ठेवायचं. मालिकेत एका बड्या घरच्या पोराच्या वाढदिवशी, त्या पोराच्या लहरीखातर, स्पार्टाकसला याच व्हॅरोचा जीव घ्यावा लागतो. अख्ख्या पहिल्या सीझनमधला हा सर्वांत कमी रक्ताचा आणि सर्वांत असह्य प्रसंग आहे.

कामप्रसंगांवरून मालिकेला नावं ठेवणं सोपं आहे, आणि कितीतरी ठिकाणी ती रास्तही आहेत. पण मालकीण गुलामाला रात्री बोलावते आणि त्याने नाही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही, हे रोमन कायद्याला धरून आहे. गुलामाचं शरीर ही मालकाची मालमत्ता. ल्युक्रेशिया आणि तालमीतला गॉल ग्लॅडिएटर क्रिक्सस यांच्यातला प्रकार प्रेमकथा म्हणून सुरू होतो आणि हळूहळू त्याचा खरा चेहरा दिसू लागतो, ते लेखकांनी चांगलं सांभाळलंय.

दुपारची वेळ

पुढच्या काळात खेळाच्या दिवसाचा क्रम असा ठरला: सकाळी जनावरांच्या झुंजी आणि शिकार, दुपारी मृत्युदंडाची अंमलबजावणी, आणि मग ग्लॅडिएटर. पाँपेईच्या भिंतीवरच्या जाहिरातींत जोड्या किती, शिकार आहे का, उन्हासाठी वर कापड ताणलंय का, सगळं लिहिलेलं असे. दुपारच्या भागाची जाहिरात कोण वाचणार? बरेचसे प्रेक्षक तेव्हा जेवायला जात.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका एकदा दुपारी तिथे गेला आणि त्याने मित्राला पत्र लिहिलं. सकाळी माणसांना सिंह-अस्वलांपुढे टाकतात, दुपारी प्रेक्षकांपुढे, असं तो म्हणतो. ना ढाल, ना शिरस्त्राण, ना कौशल्य. ज्याने मारलं त्याला पुढच्याने मारायचं, शेवटी कुणीच उरत नाही. मालिकेने हीच दुपार उचलून मुख्य लढतीत मिसळली आहे. स्पार्टाकसला चौघांपुढे टाकतात ती खरं तर मृत्युदंडाची शिक्षा असते, तेवढं पटकथेलाही ठाऊक आहे. पण पुढे प्रत्येक लढत त्याच मापाची होत जाते आणि कसबी माणसाची झुंज कुठे संपते व कत्तल कुठे सुरू होते हे कळेनासं होतं.

सेनेकाच्याच दुसऱ्या एका पत्रात एक जर्मन कैदी आहे. सकाळच्या खेळात त्याला जनावरांशी लढायला पाठवायचं होतं. शौचाला जाणं एवढीच एक वेळ पहारेकऱ्याविना मिळायची. तिथे सफाईसाठी काठीला लावलेला स्पंज होता. त्याने तो घशात कोंबून जीव दिला. ३९ भागांत मालिकेने माणसं मारण्याचे नाना प्रकार शोधले, पण याच्या जवळपास जाणारं दृश्य मला तिच्यात दिसलं नाही. मंद गतीत दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

स्वयंपाकघरातल्या सुऱ्या

बंडाकडे येऊ. पहिल्या सीझनचा शेवट बॅटिएटसच्या बंगल्यातल्या हत्याकांडाने होतो: मालक, पाहुणे, सगळे कापले जातात. प्लुटार्कचं वर्णन यापेक्षा घरगुती आहे आणि मला ते जास्त थरारक वाटतं. दोनशे जणांनी पळण्याचा बेत केला. फितुरी झाली. तेव्हा ७८ जणांनी स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया उचलल्या आणि ते निसटले. वाटेत ग्लॅडिएटरांची शस्त्रं घेऊन निघालेल्या गाड्या मिळाल्या, त्या लुटल्या. पुढे सैनिकांशी चकमक होऊन युद्धाची खरी हत्यारं हाती आली, तेव्हा त्यांनी ग्लॅडिएटरांची शस्त्रं अपमानाची खूण म्हणून फेकून दिली. मालिकेला हे परवडणारं नव्हतं. तिचे बंडखोर शेवटपर्यंत आखाड्याच्या शैलीतच लढतात.

स्पार्टाकसची बायको मालिकेत सुरा या नावाने येते आणि लवकरच मरते. तिच्या मरणावर नायकाचा सगळा सूड उभा आहे. प्लुटार्कमध्ये ती निनावी आहे, पण जिवंत आहे. त्याच्याच टोळीतली, भविष्य सांगणारी, आणि पळून जाताना त्याच्याबरोबर असलेली. स्पार्टाकस पहिल्यांदा रोमला विक्रीसाठी आणला गेला तेव्हा तो झोपेत असताना त्याच्या चेहऱ्याभोवती साप वेटोळं घालून बसला होता, आणि तिने त्याचा अर्थ सांगितला, अशी कथा आहे. मालिकेतल्या लाल सापाच्या खुणा तिथून आल्या. बायकोला मारून नायकाला कारण द्यायचं, ही पटकथेची जुनी खोड. इतिहासात तयार असलेलं जास्त मोठं पात्र त्यापायी वाया गेलं.

रोमन सेनाधिकारी ग्लेबर हा दोन सीझनचा खलनायक. इतिहासात तो व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तीन हजार माणसं घेऊन येतो, वर जाणारी एकुलती वाट अडवतो आणि बसून राहतो. बंडखोरांनी डोंगरावरच्या रानवेलींच्या शिड्या विणल्या, उभ्या कड्यावरून उतरले, शेवटच्या माणसाने वरून शस्त्रं सोडली आणि मग तोही उतरला. ग्लेबरच्या छावणीवर मागून हल्ला झाला आणि ती उधळली. मालिकेने वेली ठेवल्या, पण उतरवली चारच माणसं. तेव्हा व्हेसुव्हियस ज्वालामुखी आहे याची भीती कुणाला नव्हती; पाँपेई गाडलं गेलं ते इ.स. ७९ मध्ये.

पुढे जमाव वाढत गेला. इतिहासकार ॲपियन सत्तर हजार आणि नंतर एक लाख वीस हजार असे आकडे देतो. त्यात ग्लॅडिएटर मूठभर; बाकी शेतांवरचे गुलाम, गुराखी, काही गरीब स्वतंत्र माणसंही. स्पार्टाकसने लूट सारखी वाटली आणि व्यापाऱ्यांना छावणीत सोनं-चांदी आणायला बंदी केली, लोखंड आणि कांसं चालेल म्हणाला. यावरून पुढच्या काळात त्याला गुलामगिरी मोडायला निघालेला क्रांतिकारक ठरवलं गेलं. तसं काही जुन्या लेखकांत नाही. तो उत्तरेला आल्प्सच्या दिशेने गेला, मुटिनापाशी रोमन अधिकारी कॅसियसच्या दहा हजारांच्या फौजेला हरवलं, वाट मोकळी झाली, आणि तिथून सगळे पुन्हा दक्षिणेला वळले. प्लुटार्कच्या मते स्पार्टाकसला आल्प्स ओलांडून प्रत्येकाला आपापल्या मुलखात पाठवायचं होतं, पण जिंकत गेलेल्या लोकांना लूट सोडवेना.

त्याआधी क्रिक्सस वेगळा होऊन गार्गानस पर्वतापाशी मारला गेला होता. त्याच्या आत्म्यासाठी स्पार्टाकसने तीनशे रोमन कैद्यांचा बळी दिला असं ॲपियन सांगतो. चितेभोवती कैद्यांना ग्लॅडिएटरांसारखं लढवलं असं रोमन इतिहासकार फ्लोरस सांगतो. मालिकेने हे घेतलंय. बघताना ते लेखकांनी रचलेलं काव्यात्म उट्टं वाटतं, आणि नेमकं तेच इतिहासात आहे. खेळ जिथून सुरू झाला होता तिथेच तो परत गेला: मेलेल्यासाठी, चितेपाशी. फक्त प्रेक्षक आणि लढणारे यांची जागा बदललेली. फ्लोरसला हा प्रकार फार झोंबला.

शेवटी सिनेटने क्रॅससला पाठवलं. रोममधला अतिश्रीमंत माणूस. त्याच्या एका तुकडीने शस्त्रं टाकून पळ काढला, तेव्हा पहिल्यांदा पळालेल्या ५०० जणांचे दहा-दहाचे गट करून चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येक गटातला एक मारला. स्वतःचेच पन्नास सैनिक. मालिकेत ही शिक्षा आहे, क्रॅससचा मुलगा टायबेरियस मात्र पदरचा. तरुण सीझर वेश पालटून बंडखोरांत शिरतो, तेही पदरचं. समुद्री चाच्यांनी सिसिलीला नेतो म्हणून पैसे घेतले आणि दगा दिला, ते खरं. क्रॅससने इटलीच्या बुटाच्या पुढच्या टोकाकडच्या चिंचोळ्या पट्टीत समुद्रापासून समुद्रापर्यंत खंदक खणला, सुमारे पंचावन्न किलोमीटर, तेही खरं. बर्फाच्या रात्री बंडखोरांनी तो खंदक ओलांडला. मालिकेत ते प्रेतांनी भरतात. प्लुटार्क माती आणि लाकूड सांगतो, पण रोमन लेखक फ्राँटिनस मारलेले कैदी आणि गुरं सांगतो, तेव्हा इथे अतिरेकाचा आरोप मालिकेवर करता येत नाही.

अखेरच्या लढाईआधी स्पार्टाकसने आपला घोडा मारला: जिंकलो तर शत्रूचे पुष्कळ मिळतील, हरलो तर लागणारच नाही. मग क्रॅससच्या दिशेने घुसला, दोन अधिकारी मारले, पण क्रॅससपर्यंत पोचला नाही. मालिकेत पोचतो; नाहीतर प्रेक्षकांनी वर्गणीच बंद केली असती. त्याचं प्रेत सापडलं नाही. मालिकेतला दफनाचा प्रसंग या रिकाम्या जागेत अलगद बसवलाय.

जिवंत पकडलेल्या सहा हजारांना क्रॅससने कापुआ ते रोम या हमरस्त्यावर क्रूसांवर टांगलं. रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास. एका ओळीत धरले तर दर तीस-पस्तीस मीटरला एक. क्रूसावर माणूस लवकर मरत नाही, दिवस लागतात. रस्ता वाहता होता, भाजीपाला, पत्रं, व्यापारी रोज त्याच रस्त्याने जात होते. मालिका हे दाखवते, बंडाच्या म्होरक्यांपैकी एक असलेल्या गॅनिकसला त्यातल्या एका क्रूसावर चढवते (खरा गॅनिकस आधीच लढाईत पडला होता), आणि काही मिनिटांत पुढे सरकते. आखाड्यातल्या एका वारावर जितका वेळ ती रेंगाळते तितका वेळ इथे नाही. इकडे दुसरा रोमन सेनापती पॉम्पी याने पळणारे पाच हजार गाठून मारले आणि सिनेटला कळवलं की क्रॅससने लढाई जिंकली, पण युद्धाचं मूळ मी उपटलं. पुढच्याच वर्षी दोघे कॉन्सल झाले.

हे सगळं ज्यांनी लिहिलं ते प्लुटार्क आणि ॲपियन घटनेनंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहीत होते, आणि गुलाम बाळगणाऱ्या वर्गातूनच आलेले होते. त्या सत्तर हजारांपैकी एकाचाही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. प्लुटार्कला स्पार्टाकसबद्दल आदर आहे, पण तो त्याची स्तुती करतो ती थ्रेशियनापेक्षा ग्रीक वाटण्याजोगा म्हणून.

इतिहासाच्या हिशोबाने काय बघावं, असं कुणी विचारलं तर मी शेवटचा सीझन सांगेन, ‘वॉर ऑफ द डॅम्ड’. सीझर आणि टायबेरियस वगळले तर तो प्लुटार्कच्या बऱ्यापैकी जवळून चालतो. माणसं बघायची असतील तर पूर्वकथा आणि पहिला सीझन. त्याचे पहिले तीन-चार भाग ढोबळ आहेत, तेवढे सोसावे लागतात. त्यानंतर बॅटिएटसची वही उघडते.